घोड्यांचे कीटकजन्य आजार नव्या मुलखात शिरतात तेव्हा: नव्या घोडेपालकासाठी पायरीपायरीने

१९८७ साली स्पेनमध्ये माद्रिदजवळच्या एका सफारी पार्कसाठी नामिबियातून झेब्रे आणले गेले. दिसायला ते ठणठणीत होते. पण त्यांच्याबरोबर आफ्रिकन हॉर्स सिकनेस या घोड्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू आला, आणि तो एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेणारी चिलटे स्पेनमध्ये आधीपासूनच होती. १९९० पर्यंत तो आजार तिथे पुन्हा पुन्हा डोके वर काढत राहिला आणि मधल्या काळात पोर्तुगाल आणि मोरोक्कोतही पोचला. तीस वर्षांनी, २०२० मध्ये, थायलंडच्या नाखोन रात्चासिमा प्रांतात घोडे पटापट मरू लागले. तोच आजार, पुन्हा आयात झेब्र्यांवरच संशय, आणि काही महिन्यांत पाचशेहून अधिक घोडे गेले. त्याच वर्षी मलेशियातही तो सापडला.

घोडे पाळायला नुकतीच सुरुवात केलेल्या माणसाने यातून एक गोष्ट मनात पक्की करावी. चावणारा कीटक बहुधा आपल्या पागेत आधीच हजर असतो. नसतो तो रोगाचा जंतू, आणि तो बऱ्याचदा दुसऱ्या जनावराच्या रक्तातून, ट्रकमधून नाहीतर विमानातून येतो. म्हणून "आमच्याकडे हा आजार कधी नव्हता" हे वाक्य कोणी कितीही खात्रीने सांगितले तरी त्यावर विसंबू नका. माद्रिदजवळही तो नव्हता.

पुढच्या पायऱ्या याच क्रमाने करा. पहिल्या दोन समजून घेण्याच्या आहेत, बाकीच्या हाताने करायच्या.

पायरी १: जंतू कोणत्या वाटेने येतो ते ओळखा

सगळे आजार एकाच रस्त्याने येत नाहीत, आणि रस्ता वेगळा तसा बंदोबस्तही वेगळा.

पहिली वाट घोडेवर्गीय जनावरांच्या ने-आणीची. आफ्रिकन हॉर्स सिकनेस मुख्यतः असाच पसरतो. आजारी घोड्याच्या रक्तात हा विषाणू साधारण दोन-तीन आठवड्यांपलीकडे टिकत नाही, कारण तोवर घोडा एकतर मरतो किंवा बरा होतो. झेब्र्याच्या रक्तात मात्र तो ४० दिवसांपर्यंत राहू शकतो आणि झेब्रा आजारी दिसतही नाही. गाढवांमध्येही लक्षणे सौम्य असतात. त्यामुळे धोका ओळखताना आजारी घोड्यापेक्षा निरोगी दिसणाऱ्या झेब्र्याची, गाढवाची आणि खेचराची चौकशी जास्त करावी लागते. १९५९ ते १९६१ या काळात हा आजार मध्यपूर्वेतून इराण, पाकिस्तान करत भारतापर्यंत पोचला, तेव्हा तीन लाखांहून अधिक घोडे, गाढवे आणि खेचरे दगावली.

दुसरी वाट पक्ष्यांची. वेस्ट नाईल विषाणू पक्षी आणि डास यांच्यात फिरत राहतो. घोडा आणि माणूस त्यात अपघाताने सापडतात. १९९९ मध्ये तो न्यूयॉर्कमध्ये पहिल्यांदा दिसला आणि चार-पाच वर्षांत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला लागला. एकट्या २००२ सालात तिथे १५,०००हून अधिक घोड्यांना लागण झाल्याची नोंद आहे. जर्मनीत तो २०१८ मध्ये प्रथम सापडला. जपानी मेंदूज्वराचे चक्र पाणपक्षी आणि डुकरांमधून चालते. २०२२ च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागातल्या वराहपालन केंद्रांमध्ये तो आढळला, तेव्हा तिथल्या घोडेवाल्यांनाही अचानक सावध व्हावे लागले. पक्ष्यांना सीमेवर अडवता येत नाही. या वाटेवर आपल्या हातात दोनच गोष्टी उरतात, लस आणि डास.

तिसरी वाट वाऱ्याची. चिलटे स्वतः फार लांब उडत नाहीत, पण अनुकूल वाऱ्यावर ती समुद्र ओलांडून शेकडो किलोमीटर जाऊ शकतात.

चौथी वाट आपल्याच हाताची: तीच सुई दुसऱ्या घोड्याला, तपासणी न झालेले रक्त किंवा प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग). २००६ मध्ये आयर्लंडमध्ये घोड्यांचा रक्तक्षय करणाऱ्या इक्वाइन इन्फेक्शस अॅनिमियाची साथ आली, ती आयात केलेल्या प्लाझ्मापासून सुरू झाली. एकदा आत आल्यावर अशा आजाराला पुढे न्यायला माश्या असतातच.

या सगळ्यावर उष्णतेचा हात आहे. चिलटाच्या पोटात गेलेला विषाणू वाढून त्याच्या लाळेत उतरेपर्यंत काही दिवस जातात. हवा जितकी उबदार, तितके हे दिवस कमी. तापमान साधारण १५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की आफ्रिकन हॉर्स सिकनेसच्या विषाणूची वाढ जवळजवळ थांबते, पण तो मरत नाही. ऊब परतली की पुन्हा वाढू लागतो. उन्हाळे लांबले आणि हिवाळे सौम्य झाले, की पूर्वी जिथे चिलटाचे आयुष्य विषाणूच्या वाढीला पुरत नव्हते तिथे ते पुरू लागते. मेंढ्या-गुरांच्या ब्लूटंग आजाराने हे डोळ्यांसमोर दाखवून दिले. २००६ मध्ये तो नेदरलँड्स आणि आसपासच्या थंड देशांत उतरला आणि तिथल्या स्थानिक चिलटांनीच तो पसरवला. आफ्रिकन हॉर्स सिकनेस वाहून नेणारी चिलटे त्याच कुळातली आहेत. म्हणून आपला भाग थंड आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

पायरी २: आपल्या पागेत कोण चावते ते पाहा

सुरुवातीचे दोन आठवडे रोज सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी दहा-दहा मिनिटे घोड्याजवळ उभे राहून नुसते बघा. कोण कुठे बसते, कधी येते, घोडा पाय आपटतो की शेपूट मारतो, ते वहीत लिहा. याला पैसा लागत नाही आणि पुढचे सगळे निर्णय यावरच बेतायचे आहेत.

चिलटे एक ते तीन मिलिमीटरची, म्हणजे डोळ्यांत भरतील अशी नसतात. ती सूर्यास्ताच्या सुमारापासून पहाटेपर्यंत चावतात. आयाळीच्या मुळाशी, शेपटीच्या बुंध्याला आणि पोटाखाली घोडा सतत खाजवत असेल, तिथले केस घासून गेले असतील, तर चिलटांवर संशय घ्या. त्यांच्या अळ्या ओल्या, सेंद्रिय चिखलात वाढतात: गळक्या नळाखालची जमीन, हौदाच्या कडेची राड, लीद आणि पाणी मिसळलेली जागा. आफ्रिकन हॉर्स सिकनेस यांच्याकडून येतो.

डास सगळ्यांच्या ओळखीचे. वेस्ट नाईल, जपानी मेंदूज्वर आणि अमेरिका खंडातले पूर्व, पश्चिम आणि व्हेनेझुएलन असे तीन अश्व-मेंदूज्वर त्यांच्यामार्फत पसरतात. यातला पश्चिम प्रकार २०२३ च्या शेवटी अर्जेंटिना आणि उरुग्वेत मोठ्या प्रमाणावर उसळला होता. म्हणजे शांत झालेला आजारही परततो.

तिसरा गट मोठ्या चावऱ्या माश्यांचा. घोडमाश्या भर उन्हात येतात, कातडी चिरून रक्त चाटतात, आणि दुखल्यामुळे घोड्याने उडवले की अर्धवट जेवण टाकून शेजारच्या घोड्यावर जातात. तोंडाला लागलेले ओले रक्त बरोबर जाते, आणि इक्वाइन इन्फेक्शस अॅनिमिया नेमका असाच पसरतो. तबेल्यातली माशी, जी दिसायला घरमाशीसारखी पण सोंडेने टोचणारी, तीही हे काम थोडेफार करते. ती कुजलेल्या पेंढ्यात आणि लिदीत वाढते. सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा आजारही याच माश्या पसरवतात. सर्र्याचा जंतू ग्रिफिथ एव्हान्स यांनी १८८० मध्ये डेरा इस्माईल खान भागातल्या घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात शोधला. उंटांबरोबर तो कॅनरी बेटांवर गेला आणि तिथून आणलेल्या उंटांमुळे २००६ मध्ये फ्रान्समध्येही सापडला. तेव्हा जवळपास उंट असतील तर त्यांचाही हिशेब धरा.

गोचीड हा खरे तर कीटक नाही, त्याला आठ पाय असतात. पण घोड्यांचा बॅबेसियासारखा रक्ताचा आजार तो देतो, म्हणून खरारा करताना कान, आयाळ, जांघा आणि शेपटीखाली बोटांनी चाचपून पाहायची सवय लावा.

पायरी ३: थर्मामीटर, आणि रोजची वही

नव्या घोडेपालकाने सर्वांत आधी घ्यावी अशी वस्तू मला विचाराल तर मी खोगीर सांगणार नाही, थर्मामीटर सांगेन. आफ्रिकन हॉर्स सिकनेसमध्ये घोडा बाहेरून ठीक दिसत असतानाच ताप चढू लागतो. तो ताप त्याच दिवशी कळला तर बाकीच्या घोड्यांना वाचवायला वेळ मिळतो. घोडा फेस टाकून कोसळल्यावर कळले तर तोवर चिलटांनी कित्येकांकडे विषाणू पोचवलेला असतो.

मोठ्या घोड्याचे विश्रांतीतले तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असते. शिंगराचे थोडे जास्त. नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६. हे पुस्तकातले आकडे झाले. तुम्हाला हवे आहेत ते तुमच्या घोड्याचे आकडे, आणि ते दोन आठवडे रोज मोजल्याशिवाय कळत नाहीत.

पहाटे, काम आणि चंदी देण्याआधी मोजा. थर्मामीटरच्या टोकाला थोडे व्हॅसलीन लावा, दुसऱ्या टोकाला दोरी आणि चिमटा बांधून तो शेपटीच्या केसांना अडकवा, म्हणजे तो आत ओढला जाणार नाही. मागे उभे राहू नका. मांडीला खेटून बाजूला राहा आणि एक हात पुठ्ठ्यावर ठेवा. आसपास साथ असेल तर सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा मोजा. ३८.५ च्या वर आले तर घोड्याला सावलीत तासभर उभे करून पुन्हा मोजा. तरीही वरच असेल तर वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा.

वहीत एवढेच असू द्या: तारीख, घोडा, तापमान, खाणे-पिणे, हिरड्यांचा रंग, आणि त्या दिवशी पागेत आलेले-गेलेले जनावर. शेवटचा रकाना लोक सोडून देतात. साथ आल्यावर मात्र सरकारी पशुवैद्य सगळ्यांत आधी तोच विचारतात.

पायरी ४: पाणी, चिखल आणि लीद

उबदार हवेत डासाचे अंड्यापासून पंखांपर्यंतचे आयुष्य साधारण आठवडा ते दहा दिवसांत पुरे होते. म्हणून आठवड्यातून एक ठरलेला दिवस पाण्याचा ठेवा. हौद, बादल्या, जुने टायर, ताडपत्रीच्या सुरकुत्या, छपराच्या पन्हाळी, सगळे रिकामे करा आणि हौदाची आतली कड ब्रशने घासा, कारण काही डासांची अंडी कडेला चिकटून कोरडी पडली तरी जगतात. जे पाणी काढता येत नाही त्यात डासांच्या अळ्या मारणारे बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस हे जिवाणूजन्य औषध वापरता येते. घोड्यांना त्याचा त्रास होत नाही.

चिलटांसाठी साचलेल्या पाण्यापेक्षा ओली जमीन महत्त्वाची. गळका नळ दुरुस्त करा. हौदाभोवती खडी किंवा मुरूम टाकून पाणी निचरू द्या. लीद रोज उचला आणि ढीग पागेपासून लांब, झाकून ठेवा. भिजलेला पेंढा कोपऱ्यात साठू देऊ नका. तबेल्यातल्या माशीला अंड्यापासून मोठे व्हायला उबेत दोन-तीन आठवडे लागतात, तेव्हा दर आठवड्याला सफाई झाली तर तिची पिढी पुरी होत नाही.

इतके करूनही कीटक संपणार नाहीत. शेजारच्या शेतातली, ओढ्यातली चिलटे येतच राहतील. संख्या कमी झाली की चावे कमी होतात, आणि चावे कमी झाले की एका आजारी घोड्यामागे नव्याने लागण होणारे घोडे कमी होतात. साथ रोखायला तेवढाही फरक मोलाचा असतो.

पायरी ५: घोडा आत कधी, बाहेर कधी

इथे नवखे लोक गोंधळतात, कारण सल्ले एकमेकांच्या विरुद्ध ऐकू येतात. चिलटांपासून वाचवायचे तर घोडा सूर्यास्ताच्या दोन तास आधी आत घ्यायचा आणि सकाळी ऊन चांगले वर आल्यावर सोडायचा. घोडमाश्यांपासून वाचवायचे तर नेमके उलटे, भर दुपारी आत, कारण त्या सहसा अंधाऱ्या छपराखाली शिरत नाहीत. दोन्ही सल्ले खरे आहेत. तुमच्या भागात कोणत्या आजाराची भीती आहे ते पशुवैद्याला विचारा आणि त्यानुसार वेळ ठरवा. दोन्ही असतील तर सकाळचे काही तास आणि दुपार उतरतानाचा थोडा वेळ एवढाच बाहेरचा वेळ हातात उरतो. घोड्याला ते आवडत नाही, पण साथीचे दिवस निघून जाईपर्यंत हे सहन करावे लागते.

नुसते छप्पर पुरत नाही. चिलटांच्या काही जाती उघड्या तबेल्यात सहज येतात. दारे-खिडक्यांना जाळी लावा, पण डासांची साधी जाळी चिलटाला अडवत नाही. ते तिच्या भोकातून सरळ आत येते. भोक एक मिलिमीटरहून लहान असलेली बारीक जाळी घ्या. तिच्यावर परमेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिनसारखे कीटकनाशक मारलेले असेल तर तिची भोके थोडी मोठी असली तरी ती कामाची ठरते. थायलंडमध्ये साथ आली तेव्हा लसीइतकेच लक्ष पागा जाळीने बंद करण्यावर दिले गेले. इतकी बारीक जाळी हवा अडवते, तेव्हा आतल्या घोड्यांना उकडणार नाही याची सोय आधी करा. मोठा पंखा इथे दुहेरी काम करतो: हवा खेळती राहते आणि चिलटे, जी वाऱ्यापुढे फार टिकत नाहीत, घोड्यावर बसू शकत नाहीत.

रात्री पागेत झगझगीत दिवा ठेवू नका, प्रकाशाकडे चिलटे ओढली जातात. कीटक पकडणारे दिव्याचे सापळे लावायचेच असतील तर पागेपासून दूर लावा.

अंगावर मारायच्या औषधांबद्दल थोडक्यात. घोड्यांसाठी म्हणून बनवलेलेच वापरा, लेबलवरचे प्रमाण पाळा, घाम आणि पावसाने ते धुऊन जाते हे लक्षात ठेवून पुन्हा लावा. परमेथ्रिन मांजरांना आणि पाण्यातल्या माशांना अतिशय विषारी असते, तेव्हा पागेत मांजर असेल तर घोडा वाळेपर्यंत तिला दूर ठेवा. पूर्ण अंग झाकणारी जाळीची झूल उपयोगी, विशेषतः पोटपट्टी असलेली. जाळीचा मुखवटा घातल्यावर डोळ्यांभोवती घासत नाही ना ते रोज पाहा.

पायरी ६: नवा घोडा गाडीतून उतरण्याआधी

सगळ्या लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी मी हीच मानतो. घोडा विकत घेताना लोक चाल, दात, टापा तपासतात. तो गेले दोन महिने कुठे होता हे फार थोडे विचारतात.

विकणाऱ्याला विचारा: घोडा कोणत्या भागातून आला, वाटेत कुठे मुक्काम झाला, तिथे कोणती साथ होती, त्याच्याबरोबर गाढवे, खेचरे, उंट होते का, कोणत्या लसी कधी दिल्या, रक्ताच्या कोणत्या तपासण्या झाल्या. उत्तरे कागदावर मागा. इक्वाइन इन्फेक्शस अॅनिमियासाठी कॉगिन्स या रक्तचाचणीचा अहवाल मागितल्याशिवाय घोडा घेऊ नका. या आजारातून जगलेला घोडा आयुष्यभर विषाणू बाळगतो, बराच काळ निरोगी दिसतो, आणि त्याच्यावर उपचार नाही. अनेक देशांत अशा घोड्याला मारणे किंवा कायमचे वेगळे ठेवणे हाच नियम आहे. सर्रा असलेल्या भागातून घोडा येत असेल तर त्याचीही तपासणी करून घ्या.

घोडा आला की त्याला थेट इतरांत सोडू नका. निदान दोन ते चार आठवडे, किंवा तुमच्या देशाचा नियम सांगेल तेवढे दिवस, वेगळे ठेवा. आता या वेगळेपणाचा अर्थ नीट समजून घ्या. सर्दी-खोकल्याच्या आजारांत दोन घोड्यांची नाके एकमेकांना लागणार नाहीत एवढे अंतर मदत करते. कीटकजन्य आजारात भिंतीपलीकडचा घोडा वेगळा नसतोच, कारण चिलट भिंतीवरून येते. म्हणून नव्या घोड्याची जागाच जाळीबंद हवी. घोडमाश्यांसाठी अंतराचा उपयोग होतो: इक्वाइन इन्फेक्शस अॅनिमियाच्या घोड्यांना सुमारे १८० मीटर दूर ठेवण्याचा प्रघात आहे, कारण जेवण अर्धे राहिलेली माशी तेवढ्या लांब सहसा जात नाही, जवळचाच घोडा शोधते. नव्या घोड्याचे तापमान या काळात दोन्ही वेळा मोजा.

आणि एक नियम, ज्याला अपवाद करू नका: एक सुई, एक घोडा. सिरिंजही तीच गोष्ट. दात घासण्याची, शिंगरांना टोचण्याची, रक्त लागू शकणारी प्रत्येक वस्तू दोन घोड्यांच्या मध्ये निर्जंतुक झालीच पाहिजे.

पायरी ७: लस

वेस्ट नाईल, पूर्व आणि पश्चिम अश्व-मेंदूज्वर, आणि जपानी मेंदूज्वर यांच्यासाठी घोड्यांच्या लसी आहेत. सगळ्या सगळीकडे मिळत नाहीत आणि सगळ्या सगळीकडे लागतही नाहीत. पहिल्यांदा देताना सहसा काही आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा असतात, पुढे ठरावीक काळाने पुन्हा एक. संरक्षण तयार व्हायला वेळ लागतो, त्यामुळे डासांचा हंगाम सुरू होण्याआधी लस पुरी झालेली असावी. शेजारी पहिला घोडा पडल्यावर धावत लस द्यायला जाणे म्हणजे अर्धी लढाई आधीच सोडून देणे.

आफ्रिकन हॉर्स सिकनेसची गोष्ट निराळी. याच्या विषाणूचे नऊ प्रकार आहेत आणि वापरात असलेल्या लसीत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. लस दिलेला घोडा आणि रोग होऊन गेलेला घोडा नेहमीच्या रक्ततपासणीत वेगळा ओळखता येत नाही. शिवाय लसीतला विषाणूही क्वचित चिलटांमार्फत पसरू शकतो. म्हणून रोगमुक्त देशात ही लस सरकारी परवानगीशिवाय देता येत नाही, आणि कोणी चोरवाटेने आणून दिली तरी घेऊ नका. एका घोड्यापायी सगळ्या देशाचा रोगमुक्त दर्जा जाऊ शकतो, आणि त्याबरोबर घोड्यांची ने-आण आणि स्पर्धाही बंद पडतात.

पायरी ८: लक्षणे, ज्यांना थांबायला वेळ नसतो

आफ्रिकन हॉर्स सिकनेसचा फुप्फुसांचा प्रकार सर्वांत भयंकर. ताप ४० ते ४१ अंशांपर्यंत, मग अचानक धाप, मान लांब करून, नाकपुड्या फाकवून घोडा श्वास ओढतो, घामाने निथळतो, आणि शेवटी नाकातून पांढरा फेस येतो. यातले ९० टक्क्यांहून अधिक घोडे वाचत नाहीत, आणि सगळे काही तासांत आटोपू शकते. हृदयाच्या प्रकारात डोळ्यांच्या वरचे खळगे भरून फुगतात, पापण्या, ओठ, मान सुजते. निरोगी घोड्याच्या त्या खळग्यांकडे आजच नीट बघून ठेवा, म्हणजे फुगल्यावर ओळखता येतील. सौम्य प्रकारात फक्त चढ-उतार होणारा ताप येतो आणि जातो. वही नसेल तर तो कुणाच्या लक्षातही येत नाही. यावर विशिष्ट औषध नाही. वाचलेल्या घोड्याला निदान चार आठवडे पूर्ण विश्रांती द्यावी लागते, कारण लवकर कामाला लावले तर तो कोसळू शकतो.

वेस्ट नाईलमध्ये ताप असेलच असे नाही, इथे थर्मामीटर फसवू शकतो. ओठांचे आणि नाकपुड्यांचे स्नायू थरथरतात, मागचे पाय लटपटतात, घोडा अडखळतो, स्पर्शाला किंवा आवाजाला दचकतो. लागण झालेल्या बहुतेक घोड्यांत काहीच दिसत नाही, पण ज्यांच्यात मेंदूची लक्षणे दिसतात त्यांतले साधारण एक तृतीयांश दगावतात. पूर्व अश्व-मेंदूज्वरात घोडा भिंतीला डोके टेकवून ढकलत राहतो, गोल गोल फिरतो, आंधळ्यासारखा चालतो आणि दोन-तीन दिवसांत मरतो.

इक्वाइन इन्फेक्शस अॅनिमिया आणि सर्रा यांची चाल संथ. येणारा-जाणारा ताप, खाऊनही रोडावणे, फिक्या किंवा पिवळट हिरड्या, पोटाखाली आणि पायांवर सूज. दोन्हींत वरून फरक कळत नाही, रक्त तपासावेच लागते. फरक कळणे गरजेचे आहे, कारण सर्र्यावर औषधे आहेत आणि उपचार न केल्यास घोडा बहुधा वाचत नाही.

इथे एक सावधगिरी. मेंदूची लक्षणे असलेल्या कोणत्याही घोड्याच्या तोंडात उघड्या हाताने बोटे घालू नका. तो रेबीजही असू शकतो.

पायरी ९: संशय आला, आता पहिला तास

डॉक्टरांना फोन करा आणि त्याच वेळी सरकारी पशुसंवर्धन कार्यालयालाही कळवा. वर सांगितलेले बहुतेक आजार जागतिक पशू आरोग्य संघटनेच्या यादीत आहेत आणि अनेक देशांत ते कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. कळवल्यावर त्रास होईल, घोडे अडकून पडतील, ही भीती खरी आहे. न कळवता चार दिवस गेले तर अडकणारे घोडे कितीतरी जास्त असतील, हेही खरे आहे.

डॉक्टर येईपर्यंत आजारी घोडा जाळीच्या आत घ्या, पंखा लावा, औषध मारा. बाकीच्या सगळ्यांचे तापमान घ्या. ज्यांना ताप आहे त्यांनाही जाळीत घ्या. पागेतून एकही घोडा, गाढव किंवा खेचर बाहेर जाऊ देऊ नका आणि आत येऊ देऊ नका, शर्यत उद्या असली तरी. स्वतः इंजेक्शने देत बसू नका, तपासणी बिघडते आणि सुईतून रक्त पसरते.

घोडा मेला तर त्याचे शव उघडू नका, कुत्र्यांना खाऊ देऊ नका. आफ्रिकन हॉर्स सिकनेसने मेलेल्या घोड्याचे मांस खाऊन कुत्र्यांना तो आजार झाल्याच्या नोंदी आहेत. शव कसे आणि कुठे पुरायचे ते सरकारी पशुवैद्य सांगतील.

घरच्यांना एवढे सांगा: आफ्रिकन हॉर्स सिकनेस माणसाला घोड्याकडून होत नाही. वेस्ट नाईल आणि जपानी मेंदूज्वर माणसाला डासांकडून होतात, घोड्याला हात लावून होत नाहीत, आणि घोड्याला चावलेला डासही ते पुढे नेत नाही, कारण घोड्याच्या रक्तात विषाणू तेवढ्या प्रमाणात वाढतच नाही. तरीही घोड्याला झाला म्हणजे तसे डास परिसरात आहेत, तेव्हा मोतद्दार आणि मुले यांनी संध्याकाळी अंग झाकावे आणि मच्छरदाणीत झोपावे. व्हेनेझुएलन प्रकार मात्र वेगळा. त्यात घोड्याच्या रक्तात विषाणू भरपूर असतो आणि डास तो घोड्याकडून माणसाकडेही नेतात. तिथे आजारी घोड्याला जाळीत ठेवणे माणसांसाठीही तितकेच गरजेचे असते.

पायरी १०: साथ ओसरल्यावर

बंदी किती दिवसांनी उठेल ते सरकार ठरवते, आणि शेवटचा आजारी घोडा बरा झाला त्या दिवशी ती उठत नाही. विषाणू घेतलेली चिलटे त्यानंतरही काही काळ जिवंत असतात, आणि रोगाच्या सुप्त काळातले घोडे असू शकतात. तोवर तापमानाची वही, संध्याकाळची जाळी, आठवड्याचा पाण्याचा दिवस तसाच चालू ठेवा. थंडी पडली म्हणून जाळी काढायची घाई करू नका; स्पेनमध्ये चिलटे सौम्य हिवाळ्यातूनही तगली आणि आजार पुढच्या हंगामात परत आला. ऊब पुन्हा सुरू व्हायच्या आधी जाळ्यांची भोके तपासा, लसींच्या तारखा डॉक्टरांकडून पक्क्या करून घ्या आणि आसपासच्या घोडेवाल्यांचे फोन नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, म्हणजे कोणाच्याही पागेत ताप आला तर त्याच दिवशी सगळ्यांना कळेल.